एकाच नंबरावर दोघं
बाळंतपणात सुटलेली नोकरी आठ महिन्यांनी करुणाच्या दाराशी आली होती. अकराला ऑनलाइन मुलाखत होती. पण लिनक्सच्या जुन्या कम्प्युटरवर नेट लागायचं आणि मिनिटभरात तुटायचं. पायानं पाळणा हलवत तिनं वायर बघितली, राऊटर बंद-चालू केला, नेटवर्कवर कम्प्युटरची ओळख असलेला, स्वतःच्या हातानं भरलेला आयपी नंबर तपासला. सगळं जिथल्या तिथं. शेवटी तिनं नवऱ्याला फोन लावला. "अवं, काल पाळण्यावर कॅमेरा लावला ना, त्याले तुह्या कम्प्युटरचाच नंबर देला. तुले आता काय काम पडते त्याचं?" म्हणजे एकाच नंबरावर दोघं; एक आला की दुसरा बाहेर. तिनं कम्प्युटरला नवा नंबर दिला. नेट टिकलं, पण मुलाखतीची वेळ टळून गेली होती. तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "आता कॅमेरा मस्त चालून राहिला. लेकरू रडून राहिलं, दिसत नाही काय वं?"