पोस्टरखालचा बाक

गुडघा बदलून चार दिवस झाले, तरी म्हातारबुवा वॉकरला हात लावायला तयार नव्हते. हॉस्पिटलचा ढगळ झगा घालून व्हीलचेअरवरून वॉर्डाबाहेरच्या बाकावर येऊन ठाण मांडून बसले होते. घरी जाताना घालायचे कपडे लेकाने सकाळीच आणून दिले होते, ती पिशवी शेजारी होती. डोक्यावर, भिंतीला, त्यांचाच पन्नास वर्षांपूर्वीचा फोटो: ऑलिम्पिकची मॅरेथॉन, रस्त्यावर हात टेकून उठणारा धावपटू. खाली मोठ्या अक्षरांत, 'पडलो, तरी उठलो!' या एका फोटोपायी त्यांनी जन्मभर हारतुरे घेतले, भाषणं ठोकली. आता वीट आला होता.

"काका, तुम्हीच असे बसलात तर बाकीच्या पेशंटनी कुणाकडे बघायचं?" व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली.

"कुणाकडेही बघू देत. अगं पोरी, मी पडलोच नव्हतो. दमून बसलो होतो. पुढे जायची इच्छाच उरली नव्हती."

"मग उठलात कशाला?"

"न उठून करतो काय? कपड्यांची पिशवी स्टेडियममध्ये होती. परक्या देशात चड्डी-बनियनवर हिंडणार होतो का?"

मुलीने बाकावरची पिशवी उचलली आणि लांबलचक कॉरिडॉरच्या पार टोकाला, लिफ्टपाशी ठेवून आली.

म्हातारबुवांनी पिशवीकडे पाहिलं, अंगावरच्या झग्याकडे पाहिलं, आणि चरफडत वॉकर पुढे ओढला.