भिंतीपलीकडची मंडळी

शेजारच्या लीलाच्या दारावर थाप मारायला उचललेला हात प्रमिलाबाईंनी तसाच धरून ठेवला. आत प्रार्थना चालू होती.

एरवी याच आवाजाने त्यांचं डोकं उठायचं. आत बसणारे बहुतेक जण कापडाच्या लूमवर काम करणारे. कारखान्याच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय झालेली, ती देवाशी बोलतानाही सुटत नसे. दर शुक्रवारी संध्याकाळी गोडादऱ्याच्या वस्तीतल्या त्या एवढ्याशा खोलीत दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसत, गाणी म्हणत, मग एकेक जण कुणाकुणाचं गाऱ्हाणं देवापुढे मांडी. प्रमिलाबाई मधल्या भिंतीवर लाटणं आपटत. घटकाभर आवाज खाली येई, पुन्हा चढे.

ऐकायचं नाही म्हटलं तरी सगळं कानावर पडायचं. एक गोष्ट मात्र त्यांना कधी उलगडली नव्हती. शुक्रवारी कुणी कोपऱ्यावरच्या शीतलच्या आजारी सासूसाठी प्रार्थना केली, की शनिवारी सकाळी यांच्यातलंच कुणीतरी डबा घेऊन शीतलकडे निघालेलं दिसे. शीतल काही यांच्यातली नव्हती. "स्वतःच करायचं असतं, तर देवाला कशाला त्रास देता?" असं त्या एकदा लीलाला तोंडावर बोलल्याही होत्या. लीला नुसती हसली होती.

आज त्यांची सून रंजना दवाखान्यात होती. सकाळी मुलगी झाली, मुलगी ठणठणीत. पण रंजनाचं रक्त थांबेना. चेतनचं, त्यांच्या मुलाचं, रक्त काढून झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "अजून दोन माणसं आणा. कुठल्याही गटाचं चालेल, त्याच्या बदल्यात तेवढंच आम्ही तिच्या गटाचं देतो." चेतन बायकोजवळ थांबला आणि त्या माणसं शोधायला घरी आल्या. पण आखाजीचा सण तोंडावर आलेला. इथला सगळा खान्देश गावाकडे गेलेला. प्लेगच्या साली लोक पळाले तेव्हा पडली होती तशी कुलपं गल्लीभर पडलेली. जो एक शेजारी सापडला तो म्हणाला, "रक्त दिलं तर बारा तास लूमवर उभा कसा राहू, मावशी?" त्या कानबाईला नवस बोलल्या, आणि मग या दाराशी आल्या.

त्यांनी दार लोटलं. आवाज थांबला. लीला लगबगीने उठली.

"चुकलं, मावशी. हळू म्हणतो आम्ही."

"राहू दे तो आवाज," प्रमिलाबाई म्हणाल्या. उभ्या जन्मात त्यांनी कुणापुढे हात पसरला नव्हता. "रंजना बाळंत झाली. पोरगी बरी आहे. रंजनाचं… रक्त थांबत नाही. रक्त पाहिजे. दोन माणसांचं."

प्रमिलाबाईंना वाटलं, आता हे डोळे मिटतील आणि रंजनासाठी प्रार्थना सुरू करतील. ती संपेपर्यंत उभं राहायची त्यांनी मनाची तयारी केली.

लीलाच्या नवऱ्याने, रघुनाथने, मांडीवरचं पुस्तक मिटून फळीवर ठेवलं आणि चपला पायात सरकवल्या.

"चला."

"आणि प्रार्थना?" मागून कुणीतरी विचारलं.

"रिक्षात करू."

दवाखान्यात सगळं सरळ झालं नाही. रघुनाथला हिवाळ्यात कावीळ झाली होती. त्याचं रक्त घेतलं नाही. लीलाला काट्यावर उभं केलं आणि कमी वजन बघून खाली उतरवलं. ती रडवेली होऊन बाकावर बसली. प्रार्थनेतून सोबत आलेल्या योगेशचं रक्त चाललं. राहिला उखा. नवापूरकडून नुकताच आलेला, खांद्याने रुंद, पण तोंडावरचा रंग उडालेला.

"मला सुईचं भ्या वाटतं, दादा," तो रघुनाथच्या कानाशी म्हणाला. "आणि रातपाळी आहे."

"मग राहू दे," रघुनाथ म्हणाला. "रागावणार नाही कुणी. मी पांडेसऱ्यातून कुणाला तरी घेऊन येतो."

तो खरोखरच जिन्याकडे निघाला. उखाने आतल्या दाराकडे पाहिलं, मग बाकाशेजारी उभ्या असलेल्या प्रमिलाबाईंकडे. तो आत गेला आणि खाटेवर आडवा झाला.

तेवढ्यात वरून सिस्टर आली. रक्त चढायला लागलं होतं, रंजनाने डोळे उघडले होते, मुलीला विचारत होती. "धोका टळतोय, पण दुसरी बाटली लागेलच," ती म्हणाली. "माय वं," एवढंच प्रमिलाबाईंच्या तोंडून निघालं.

आत रक्त काढणारा माणूस उखाला सांगत होता, "मुठ्ठी खोलबंध करो, भाई." उखाने डोळे गच्च मिटले होते आणि मूठ त्याहून गच्च. रक्त येता येता अडत होतं. त्या माणसाने दुसऱ्यांदा सांगितलं, आवाज चढवला. मूठ दगडासारखी तशीच.

प्रमिलाबाई आत गेल्या. खाटेशेजारी खाली बसल्या आणि त्यांनी उखाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. नखांत लूमचं काळं तेल बसलेलं होतं. एकेक बोट त्यांनी सोडवलं.

"उघड, लेका," त्या म्हणाल्या. "हां. आता मिट."

त्याचे डोळे उघडले नाहीत. ओठ हलत होते, आणि ओठांवर रंजनाचं नाव होतं. त्या त्याची मूठ उघडत होत्या, मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या. आणि खाटेखाली बाटली भरत होती.