फुंका, ओढू नका

"बाबा, फुंका हो! ओढताय काय?" पद्मजा पुन्हा म्हणाली, आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. प्रत्येकाने घरातलं एक वडीलधारं माणूस आणायचं, त्याला यंत्राच्या नळीत फुंकायला लावायचं आणि छातीत दम किती ते मोजायचं. जोरात फुंकलं की पाण्यावर तरंगणारा पत्र्याचा डबा वर चढतो आणि पेन कागदावर रेघ ओढतं. इतकं सोपं काम. बाकीच्यांचे बाप-काका येऊन, फुंकून, चहा पिऊन गेलेसुद्धा. पद्मजाचे वडील बाबुराव मात्र नळी ओठांत धरली रे धरली की डोळे मिटायचे आणि सुर्रकन आत ओढायचे. डबा बसायचा खाली.

"आज झालं नाही तर तुझी टर्म अडेल हं," मॅडम म्हणाल्या. बाई काही दुष्ट नव्हत्या, पण मोजमाप नाही तर सही नाही, हा त्यांचा खाक्या. आणि संपामुळे बाबांचा मिलचा पगार बंद असताना टर्म अडणं म्हणजे शिक्षणालाच रामराम, हे पद्मजाला कुणी सांगायला नको होतं.

बाबुराव बिचारे ओशाळले. लेकीच्या कॉलेजात जायचं म्हणून दाढीबिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. "ओठांक सवय गो," ते पुटपुटले. "तोंडाक नळी लागली काय धोटोच वाटता."

मॅडमना काही उमगलं नाही. पद्मजाला उमगलं. मिलच्या साळखात्यात, कापड विणण्यात जन्म गेला होता माणसाचा. धोट्यात, मागावर आडवा दोरा नेणाऱ्या त्या लाकडी होडीत, दोऱ्याची नवी कांडी घातली की त्याच्या भोकाला ओठ लावायचे, सुर्रकन दोरा बाहेर ओढायचा, की पुन्हा मागाचा साचा सुरू. संपाला वर्ष उलटून गेलं तरी ती सवय काही सुटली नव्हती.

"दिवसभर तोंडाक कापसाची चव असायची," बाबुराव नळीकडे बघत म्हणाले. "आता भाताकसुद्धा चव नाय."

पद्मजाला काय सुचलं देव जाणे. ती त्यांच्या कानाशी वाकली. "बाबा, भोंगा वाजवा."

बाबुरावांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. डिलाईल रोडच्या चाळीत घड्याळाला विचारत होतं कोण? मिलच्या भोंग्यावर चुली पेटायच्या, भोंग्यावर नळाला रांग लागायची, भोंग्यावरच माणसं कामाला निघायची. आणि भोंग्यालाही न उठणारी एक झोपाळू पोरगी होती, तिच्या उशाशी बसून बाबुराव स्वतः तोंडाने भोंगा काढायचे. ती चिडायची आणि ते हसायचे. किती छान सकाळी होत्या त्या!

त्यांनी पाठ ताठ केली, छाती भरून घेतली आणि फुंकलं. डबा सरसरत वर चढला. पेन चढतच गेलं. मागच्या बाकावरचं हसू बंद पडलं.

"बास, बास काका!" मॅडम म्हणाल्या, तरी बाबुराव थांबेनात. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी. पार लालबागपर्यंत ऐकू जायला हवं, असे फुंकत होते. दम पुरता संपला तेव्हा कुठे त्यांनी नळी सोडली.

मॅडमनी सही केली. पद्मजाचा जीव भांड्यात पडला.

"झालं हं तुमचं, काका. या आता," मॅडम हसून म्हणाल्या.

बाबुराव उठले. रुमालाने तोंड पुसलं, कॉलर सारखी केली आणि कामावर निघाल्यासारखे झपझप दारापर्यंत गेले. तिथेच थबकले.

"काय झालं, बाबा?"

"भोंगो तर झालो गो," ते म्हणाले. "आता जावचा खंय?"