दोन सूत

उसाची ट्रॉली दिसली की तोंड फिरवायचं, असं विनयाने ठरवलं होतं. आता हंगामात बारामतीत राहून उसाच्या ट्रॉलीकडे बघायचं नाही, म्हणजे कॅनॉलमध्ये उभं राहून कोरडं राहायचं. सकाळी कामावर जाताना पाच-सहांशी तरी गाठ पडायचीच. ट्रॅक्टरमागे एक, तिच्यामागे दुसरी, वर गाणी मोठ्याने लावलेली. लोक त्या गाण्यांना वैतागायचे. विनयाचा जीव मात्र दोन ट्रॉल्यांच्या मधल्या हुकात अडकलेला असायचा.

रमाकांतरावांच्या ट्रॉल्या बनवायच्या वर्कशॉपमध्ये ती सहा वर्षं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढत होती. दर ट्रॉलीला नवं चित्र कोण काढत बसणार? चाकं, फाळके, हूक अडकवायची प्लेट, सगळं एकदाच काढायचं आणि उचलून पुढच्या ड्रॉइंगमध्ये बसवायचं. एकदा काढलं की कायमचं मिटलं, आणि एकदा चुकलं की तेही कायमचं. पण हा दुसरा भाग तिच्या कधी ध्यानात आला नव्हता.

श्रावणात रमाकांतराव तिला म्हणाले, की हे सगळे सुटे भाग जुन्या ड्रॉइंगमधून बाहेर काढ आणि प्रत्येकाची वेगळी फाईल करून ठेव, म्हणजे शोधाशोध नको. विनया बसली फाईली करत. हुकाची प्लेट गर्दीतून उचलून एकटीच पडद्यावर घेतली, मापं टाकली, आणि ती दोनदा ताडून पाहिली. हुकाच्या पिनचं भोक दोन सूत खाली होतं.

दोन सूत म्हणजे पाव इंच. एवढ्याशाने काय बिघडतं, असं ज्याने भरलेली ट्रॉली कधी चढावर ओढली नाही तोच म्हणेल. पिन तिरकी बसते, सगळं ओझं तिच्या एकाच कडेवर येतं, आणि झिजत झिजत एक दिवस ती तुटते. पहिल्या ट्रॉलीपासून तीच प्लेट वापरली जात होती. मशीन फाईल वाचून प्लेट कापायचं आणि जुना वेल्डर गेणबा ती ट्रॉलीच्या दांड्याला जोडायचा. अशा सत्तरेक ट्रॉल्या रस्त्यावर पळत होत्या.

मग बाईसाहेबांनी काय केलं? भोक दोन सूत वर घेतलं, जुन्याच नावाने फाईल ठेवून दिली आणि तोंड शिवून बसल्या. सांगायला हवं होतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण त्या वर्कशॉपमध्ये बाईमाणूस ती एकटी, आणि हे बायकांचं काम नव्हे म्हणणारे टपूनच बसलेले. रोज ठरवायची, आज बोलते. रोज भीती वाटायची. पर्समध्ये टेप घेऊन फिरायची, एखादी जुनी ट्रॉली उभी दिसली की जवळही जायची, पण मापायचा धीर व्हायचा नाही. झोप उडाली, जेवण जाईना, घरच्यांवर उगाच खेकसायला लागली.

पौषात फोन आला. सोमेश्वरनगरच्या वाटेवर, चढाला, मागची ट्रॉली सुटून उलटली होती. उसावर साखरबाई नावाची तोडणीवाली बसलेली होती. तिची कंबर मोडली होती आणि तिला बारामतीला दवाखान्यात आणलं होतं.

रमाकांतरावांच्या गाडीत बसतानाच विनयाने मनाशी पक्कं केलं, की आता लपवायचं नाही. पोचल्या पोचल्या सांगायचं, नोकरी गेली तर गेली.

ट्रॉली रस्त्याकडेला आडवी पडली होती. ट्रॅक्टरवाले दत्तोबा, सणसरचे, डोक्याला हात लावून बसले होते. ट्रॉली कधीची, असं रमाकांतरावांनी विचारलं.

"दसऱ्यालाच नेली की तुमच्याकडनं," दत्तोबा म्हणाले. "नवीकोरी हाय."

दसरा म्हणजे श्रावणानंतर. ही दुरुस्त केलेल्या फाईलची ट्रॉली होती. विनयाला एवढं हलकं वाटलं, की पाठोपाठ स्वतःची लाजही वाटली. तिने टेप काढला. प्लेटमधलं भोक अगदी जागच्या जागी होतं. प्लेटच मुळी दांड्याच्या कडेपेक्षा दोन सूत वर चढवून जोडली होती.

"ड्रॉइंगमध्ये प्लेट कडेला लागून आहे," ती म्हणाली. "जोडताना चुकलंय."

रमाकांतरावांनी स्वतः मापून पाहिलं. मग म्हणाले, की तीस वर्षांत गेणबाचा हात कधी चुकला नव्हता, म्हातारा झाला म्हणायचं. त्याला आजच घरी बसवायला हवं आणि पोलिसांनी विचारलं तर त्याचं नाव सांगायला हवं. विनया मान खाली घालून ऐकत राहिली. पाच महिन्यांनी तिला पहिल्यांदा कडकडून भूक लागली होती.

ती वर्कशॉपवर परतली तेव्हा गेणबा पत्र्याखाली आपली हत्यारं पिशवीत भरत होता. मालकाचा फोन त्याला आधीच आला होता. आपली बाजू त्याने मांडली नव्हती, एक शब्दही उलटून बोलला नव्हता. विनयाला त्याची कणव आली आणि त्याहून जास्त राग आला, कारण एक बाई तिकडे दवाखान्यात पडली होती.

"गेणबाकाका, इतकी वर्षं काम करताय. प्लेट दोन सूत वर का जोडलीत?"

गेणबाने आजूबाजूला कुणी नाही ना, ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, तुमच्या प्लेटचं भोक पयल्यापासनं दोन सूत खाली येतंय. तवा तुमची नवी नोकरी होती, सायबाला कळलं असतं तर गेली असती, म्हून कुणाला बोललो न्हाय. आज सहा वर्षं झाली, हरेक प्लेट मी दोन सूत वर घिऊनच जोडतोय. ही बी तशीच जोडली."