वकीलसाहेबांचा घसा

"हे मशीन आहे की भट्टी?" ॲडव्होकेट रमाकांतांनी पिशवी काउंटरवर आदळली. आवाज करडा काढायचा होता, निघाला फाटका. त्यामुळे ते आणखीच भडकले.

अविनाशनं हातातलं काम बाजूला ठेवलं. झोपेत श्वास अडू नये म्हणून नाकावरच्या मास्कमधून रात्रभर हवा देणारं हे सीपॅप मशीन त्याच्याच दुकानातून गेलं होतं. वकीलसाहेबांची ही कितवी खेप, हे त्यानं मोजणं सोडून दिलं होतं.

"साहेब, टाकीत पाणी भरून राह्यले ना रोज? हवेले ओल तिथूनच भेटते."

"भरतो. म्हणजे ही भरते." त्यांनी मागं उभ्या असलेल्या बायकोकडे, प्रतिमाताईंकडे अंगठा केला. "काठोकाठ! सकाळी पाणी तळाला गेलेलं असतं आणि माझी जीभ टाळूला चिकटलेली. मग ती ओल जाते कुठं?"

"तोंड उघडं राहत असन झोपेत. मंग घसा सुकते. त्याच्यासाठी हनुवटीचा पट्टा देला होता मी."

"बांधला. सकाळी पलंगाखाली सापडतो. आणि मास्कचं म्हणशील, तर मी उठायच्या आत ही तो धुऊन वाळत घालते. आमच्याकडून कसूर शून्य!"

आदल्या दिवशी कोर्टात ऐन उलटतपासणीत त्यांचा आवाज बसला होता. साक्षीदार पुरता कोंडीत सापडला होता, आणि नेमका तेव्हाच घशातून नुसती हवा निघाली. न्यायाधीशांनी पाणी मागवलं. समोरचा वकील फायलीत तोंड घालून हसला. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, झोपताना नाकाला तूप लावून झालं. डॉक्टर म्हणाले होते, दिवसा ताजंतवानं वाटेल. कसलं ताजं? दुपारी बाररूममध्ये ते खुर्चीतच पेंगत.

आणि घरी त्याची कुणाला पर्वा? नवरा सकाळी घसा खरवडत बसलाय आणि ही स्वयंपाकघरात गाणं गुणगुणतेय! अलीकडे हिचं डोकं दुखत नव्हतं, दुपारचं लवंडणं बंद झालं होतं. रमाकांतांच्या झोपेची तपासणी ठरली तेव्हा, "माझीही करू या का? मीही घोरते," असं ती म्हणाली होती. ते हसले होते. घरात बसणाऱ्या बाईला कसला आलाय थकवा!

"ग्राहक मंचात खेचीन तुला," ते खोकत म्हणाले. "माझं पोट आवाजावर आहे, समजलं?"

"नका चिडू साहेब." अविनाशनं हात जोडले. "ठेवून जा मशीन. मी कंपनीले वापस पाठवतो. तुमचे पैसे पुरे भेटतीन."

रमाकांतांची छाती फुगली. खटला जिंकला होता. त्यांनी पिशवी पुढं सरकवली.

प्रतिमाताईंनी पिशवीचा बंद धरला.

"नको."

"काय नको?"

"मशीन परत द्यायचं नाही."

"सोड ती पिशवी. सदोष माल आहे."

"अहो, झोप लागली की तुम्ही मास्क ओढून फेकता. रोज. आधी आधी मी पुन्हा लावायची. तर झोपेतच हात झटकायचात, काय वाट्टेल ते बोलायचात." त्या दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच बोलत होत्या, आणि थांबणार नव्हत्या. "मग लावणं सोडलं मी. तुम्ही आ वासून घोरता रात्रभर, मशीनशिवाय. घसा कोरडा पडणार नाही तर काय?"

"काहीतरी बोलू नकोस!" रमाकांत ओरडले, पण आवाज अर्ध्यातच तुटला. त्यांनी पिशवीवर बोट आपटलं. "मी लावत नाही, तर टाकीतलं पाणी रोज संपवतं कोण?"

प्रतिमाताईंनी पिशवी उचलून खांद्याला लावली.

"माल सदोष नाही," त्या अविनाशला म्हणाल्या. "माझा घसा एकदाही कोरडा पडला नाही."