भुऱ्याची सोबत

“आई, बघ ना, माझ्या हातातून खातोय!”

किती वर्षं लोटली त्या आवाजाला. दाराशी उकिडवा बसलेला शाळकरी लेक, आणि त्याच्या तळहातावर कुत्र्याच्या पिल्लाची इवली गुलाबी जीभ. आता पिल्लू म्हातारं झालं होतं, लेक घर सोडून गेला होता. तो आवाज तेवढा मागे राहिला होता. शिवणयंत्राच्या घरघरीतूनही तिला ऐकू यायचा.

भुऱ्या रात्रीचं जेवत नव्हता. ताटली पुढे सरकवली की हुंगायचा, ओशाळल्यासारखा तिच्याकडे बघायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. तिने हाताने भरवून पाहिलं, लाडीगोडी लावली, रागावूनही पाहिलं. ताटली तशीच राहायची.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं. “वजन तर उतरलेलं नाही. दात ठीक, पोट ठीक. वाऱ्यावर जगतो की काय हा?” तिचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. “एकटा पडलाय का?”

“मुलगा घर सोडून गेला माझा. त्याच्यावर फार जीव होता याचा.”

“मग सोबत आणा त्याला. एखादं पिल्लू.”

लेकाने कुणाला न विचारता लग्न केलं होतं. मुलगी वयाने मोठी, एकदा संसार मोडलेली. दोघं पाया पडायला आले त्या दिवशी लेकाचा बाप, तिचा नवरा, एवढा ओरडला की समोरच्या खिडक्या उघडल्या. जन्मभर बसचा कंडक्टर. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. तिने स्वतः आवाजही चढवला नव्हता. लेक गेला तो गेलाच, फोनचा नंबरसुद्धा बदलला. तेव्हापासून मनात उकळी आली की ती नवऱ्याला ऐकवायची, “तुमच्या तोंडानं घालवलंत पोराला.”

तो ऐकून घ्यायचा. चपला घालायचा, साखळी उचलायचा आणि भुऱ्याला फिरवायला न्यायचा.

बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात ती दोघं भुऱ्याला घेऊनच गेली. घरच्या कुत्र्याने पसंत केल्याशिवाय तिथे पिल्लू देत नसत.

“हा कुठल्या जातीचा?” तिने विचारलं.

“सगळ्याच जातींचा, थोडा थोडा,” निवाऱ्यातली मुलगी हसली. “कान एकाचे, पाय दुसऱ्याचे. शेपटी कुणाची ते आम्हालाही उमगलं नाही. नाल्यात सापडला.”

भुऱ्याने पिल्लाला नखशिखांत हुंगलं आणि त्याच्या डोक्यावर आपली हनुवटी टेकवली.

“चला, मुलगा पसंत!” नवरा म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

पिल्लाच्या पांढऱ्या पाठीवर एक तपकिरी चौकोन होता, चुकीच्या कापडाचा तुकडा जोडल्यासारखा. तिने नाव ठेवलं ठिगळ्या. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला बाहेर न्यायचं नव्हतं. तो दिवसभर तिच्या पायांत घोटाळायचा, चिंध्या पळवायचा. आणि जेवायचा तर असा, की ताटलीही गिळेल. त्याची चपचप ऐकत ती नुसती बसून राहायची. कितीतरी दिवसांनी या घरात कुणीतरी पोटभर जेवत होतं.

भुऱ्या मात्र तसाच. आणि आता नवऱ्याचंही तेच. “थोडंसंच वाढ गं. भूक नाही.”

“का? बरं नाही का?”

“वय झालं. बाकी काही नाही.”

लसी झाल्या. ठिगळ्याही साखळीला लागला आणि भुऱ्याबरोबर संध्याकाळी फिरायला जाऊ लागला. तिला वाटलं, आता दोघं मिळून खातील.

त्याच आठवड्यात ठिगळ्याने ताटलीकडे पाठ फिरवली.

दोघं भिंतीशी एकमेकांना चिकटून पडले होते. समोर दोन भरलेल्या ताटल्या. नाल्यातून वाचलेला तो कोवळा जीव, त्याला तर लेकाचं तोंडही ठाऊक नाही. तरी या घराचं दुःख त्याला डसलं. तिला वाटलं, विहिरीला विष लागावं तसं झालंय. जो येईल तो हेच पिणार.

सकाळी तिने टोपलीत जुनी शाल अंथरली आणि ठिगळ्याला उचललं.

“कुठं निघालीस?” नवऱ्याने विचारलं.

“निवाऱ्यात. परत देऊन येते.”

“अगं, वेडी का तू? रमलाय की तो.”

“रमला नाही, मरतोय. भुऱ्या झुरतोय, तुम्ही झुरताय, आता हाही. माझ्या घरात नको त्याला. दुसऱ्या कुणाकडे निदान पोटभर जेवेल.”

ठिगळ्याने तिचा अंगठा चाटला. ती दाराकडे वळली. नवरा आडवा आला. जन्मभर गर्दीवर ओरडलेला माणूस, पण आता जेमतेम ऐकू येईल एवढंच बोलला.

“नको नेऊस. उपाशी नाहीत गं ते.”

“मग खातात कुठं?”

“कोपऱ्यावरच्या बस डेपोच्या मागं. खोली घेतलीय आपल्या पोरानं, घर सोडलं तेव्हापासूनच. मी भुऱ्याला घेऊन एकदा गेलो, माफी मागितली. सून भुऱ्याला रोज वाढायची, मग मलाही म्हणाली, जेवून जा. तेव्हापासून रोज… आता आम्ही तिघंही तिथंच जेवून येतो.”

टोपली तिच्या हातातून खाली उतरली. इतक्या जवळ. इतके दिवस.

“आणि मला नाही सांगितलंत? माझा जीव तुटत होता, दिसत नव्हतं तुम्हाला?”

त्याने ठिगळ्याला टोपलीतून उचलून घेतलं.

“रोज विचारतो मी त्याला, आईला आणू का. रोज एकच उत्तर देतो. माझं ओरडणं तो केव्हाच विसरला गं. पण दार लावताना तू हळूच म्हणालीस ना, मला मूल झालंच नाही असं समजेन… तो म्हणतो, बाबा, तिला मूलच नाही. तुम्ही आणणार कुणाच्या आईला?”