गाठीगाठीचं भरीत

तिसरं वर्ष लागलं तरी माझा प्रशील हाकेला वळत नव्हता, बोलत नव्हता. खेळण्यातल्या ट्रॅक्टरचं चाक फिरवत बसायचा. मी डॉक्टरचं नाव काढलं की सासरे खेकसायचे, “काही व्हयेल नही त्याले! पोरे उशिरा बोलतस!” त्या दिवशी मळ्यात भरिताचा बेत होता. भाजलेली वांगी ठेचायचा मान सासऱ्यांचाच. त्यांनी लाकडी बडगीत मुसळाचा पहिला घाव घातला आणि प्रशील कान गच्च दाबून किंचाळला. “लाडावेल शे!” पाहुणे हसले. मी त्याला पोटाशी धरलं, तरी तो थरथरतच होता. सासऱ्यांचं उचललेलं मुसळ वरच थांबलं. नातवाकडे ते बघतच राहिले. मग मुसळ बाजूला ठेवून, हात धुऊन, ते वाफाळती वांगी बोटांनीच कुस्करायला बसले. भरीत गाठीगाठीचं राहिलं. मला वाढताना हळूच म्हणाले, “पोरी, डॉक्टरकडे कव्हय जानं शे? मीबी येस.”